शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतो. ही म्हण ज्या कुणा बाईने प्रथम म्हटली असेल, ती मोठी तर्कशुद्ध असली पाहिजे. एकच पातेले, एकच आधण, एकच आच. मग एक शीत बोटांत चिरडले की बाकीच्यांची हकीकत कळते. पण प्रत्येक शीत निराळ्या चुलीवर शिजत असेल, तर?

असा भात आज आपल्या घरोघर आहे. वायफायचा डबा, टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स, मोटारीतला पडदा, यांच्या पोटात एकेक चिमुकला संगणक बसलेला असतो. त्याला चालविणारी सारी व्यवस्था एकत्र बांधून तिची एक 'इमेज' तयार करतात, आणि एका साच्यातून गणपती निघावेत तशी ती हजारो यंत्रांत उमटवितात. साच्याला भेग असली, तर ती प्रत्येक मूर्तीवर उमटणार. म्हणून इमेज बांधून झाली की तिची परीक्षा घ्यावी लागते. आणि बांधणी वरचेवर होत असल्यामुळे परीक्षकही यंत्रच नेमावा लागतो.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात हेच काम करतो. त्याने मला ही रीत समजावून दिली. 'क्यूएमू' नावाचा एक प्रोग्राम आहे. तो बहुरूप्यासारखा दुसऱ्या संगणकाचे सोंग आणतो. त्या सोंगावर इमेज प्रथम चालवून पाहतात. मग खऱ्या यंत्रांची पाळी. परीक्षक त्यांची वीज आपणच घालवितो, आपणच आणतो, आणि यंत्र जागे होताना काय बोलते ते तारेवरून वाचीत राहतो. 'योक्टो' नावाच्या प्रसिद्ध बांधणी-प्रकल्पात अशा प्रश्नांची तयार पत्रिकाच आहे. हाकेला ओ देतोस का? दार उघडून आत घेतोस का? शेवटी यंत्राची नोंदवही चाळून तिच्यात कुठे 'चूक' असा शब्द आला आहे का, ते पाहतात. आणि गंमत अशी, की ज्या चुका क्षम्य ठरल्या आहेत, त्यांची एक यादीही परीक्षकाजवळ असते!

वीस वर्षे उत्तरपत्रिका तपाशीत आलेल्या माझ्यासारख्या मास्तराला या यादीपाशी थांबावेसे वाटले. कारण खरा नैतिक प्रश्न इथेच आहे. परीक्षक यंत्र आहे; त्याला ना लोभ, ना भीड. पण निकाल अडचणीचा आला की यंत्र बाजूला राहते आणि माणूस पुढे येतो. त्याच्यापुढे तीन वाटा असतात. प्रश्न गाळावा, चूक क्षम्य यादीत घालावी, किंवा परीक्षा पुन्हा घ्यावी. यांत असत्य असे कुठेच नाही. कधी तार खरोखरच सैल असते, कधी नेटवर्क रुसलेले असते. अशा वेळी पुन्हा विचारणे हा न्यायच होय. मग पाप कुठे शिरते?

मला वाटते, ते एका साध्या प्रश्नाने ओळखता येते. उत्तीर्ण झालेली परीक्षा आपण पुन्हा घेतो का? सहसा नाही. मग केवळ नापासालाच वारंवार का बसवावे? हवे ते उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहणे याला परीक्षा म्हणत नाहीत, मनधरणी म्हणतात. पहिली चकली तेलात विरघळली, तर घरची शहाणी बाई 'आणखी एक पाडून पाहू, कदाचित जमेल' म्हणून स्वस्थ बसत नाही. ती पिठाकडे वळते.

पण कारण शोधूनही सापडले नाही, तर? याचे एक नामी उदाहरण आहे. ४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचे 'पाथफाइंडर' यान मंगळावर उतरले. काही दिवसांतच त्याचा संगणक मधूनमधून आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. हवामानाची नोंद घेणारे एक हलके काम सामाईक किल्ली हाती धरून बसे. मधल्या दर्जाची कामे त्याला पुढे सरकू देत नसत. आणि त्या किल्लीची वाट पाहणारे अधिक तातडीचे काम खोळंबून राही. तशी वेळ आली की पहारा ठेवणारी व्यवस्था सारेच पुन्हा सुरू करी. हा बिघाड पृथ्वीवरच्या चाचण्यांतही दिसला होता. परंतु शोधू गेल्यावर पुन्हा घडेना. एकदाच येऊन गेलेला तो साक्षीदार खोटा नव्हता. एवढेच, की दुसऱ्यांदा बोलाविल्यावर तो आला नव्हता.

तरी त्या मंडळींचे एक शहाणपण कामी आले. तपासाची आणि नोंदीची साधने त्यांनी उड्डाणापूर्वी काढून टाकली नव्हती. त्यांच्या आधाराने पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रात दोष पुन्हा घडवून पाहिला, आणि दुरुस्ती मंगळावर धाडली. यान पुढे कामाला लागले.

म्हणजे प्रामाणिक परीक्षकाचे कर्तव्य सर्वज्ञ होणे हे नव्हे. इमेजचा कोपरान् कोपरा तपासणे कुणालाही शक्य नाही; कधी तरी ती यंत्रांत घालावीच लागते, आणि दुरुस्ती अडवून धरण्यातही लोकांचा तोटा असतो. कर्तव्य एवढेच, की पुन्हा विचारायचे ते कारण शोधण्यासाठी, निकाल बदलण्यासाठी नव्हे. चूक क्षम्य ठरविली, तर का ठरविली ते लिहून खाली आपले नाव घालायचे. आणि दुसऱ्या वेळी पास झाला, म्हणून पहिला 'नापास' खोडायचा नाही.

एक कच्चे शीत हाती लागल्यावर दहा शिजलेली शिते दाखविता येतील. त्याने पंगत समजेल. पण ते अकरावे शीत कुणाच्या तरी पानात पडणारच आहे.