माप मठाचे, गणित कोणाचे?

यवतमाळात अलीकडे एका व्याख्यानात वक्ते म्हणाले, सगळे गणित वेदांत आहे, मध्ययुगात आपण ते फक्त जपले. चर्चेत एक प्राध्यापक उठले आणि त्यांनी दुसरे टोक गाठले: मध्ययुगात धर्माने गणिताचा गळा घोटला, मागे उरले ते मुहूर्त. टाळ्या दोघांनाही पडल्या. मला दोन्ही विधाने अमान्य आहेत. पहिले अधिक, कारण २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर ‘भारतीय ज्ञानपरंपरा’ या नावाने तेच आता शाळेच्या दारात उभे आहे.

‘वैदिक गणित’ हे पुस्तक १९६५ सालचे. पुरीच्या गोवर्धन मठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांचे ते लेखन, त्यांच्या निधनानंतर छापलेले. सूत्रांची भाषा पाहता ती स्वामींनीच शोधली असावीत, हे पुस्तकाच्या संपादकीयातच मान्य केले आहे. झटपट गुणाकाराच्या त्या युक्त्या मुलांना जरूर शिकवाव्यात. पण त्यांना परंपरा म्हणायचे असेल, तर आधी भास्कराचार्य वाचावे लागतील.

भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे ११५० साली, छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिला. गोलाचे पृष्ठफळ कसे काढायचे, या प्रश्नावर त्यांच्यापुढे लल्लाचार्यांचा नियम होता: वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणावे. लल्ल चार शतके जुने, मान्यवर. भास्कराचार्यांनी तो नियम चूक ठरवला आणि चूक का, तेही दाखवले. मातीचा किंवा लाकडाचा गोल घ्या, म्हणाले. त्याचा परीघ २१,६०० कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) माना. माथ्यावर एक बिंदू धरून २२५ कलांच्या अंतराने वर्तुळे काढत जा. अर्ध्या गोलावर चोवीस पट्टे पडतात. एकेका पट्ट्याचे क्षेत्रफळ काढून बेरीज करा. उत्तर येते परीघ गुणिले व्यास, म्हणजे वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या चौपट. ‘लीलावती’त हेच चेंडूभोवतीच्या जाळीची उपमा देऊन सांगितले आहे. ‘लीलावती’चा आरंभ गणेशवंदनाने होतो, त्या वंदनाने पुढच्या एकाही आकड्याला तपासणीतून सूट मिळालेली नाही. पूर्वसूरींना नमस्कार करायचा आणि त्यांचा हिशेब पुन्हा करून पाहायचा, ही आपली परंपरा.

आता प्राध्यापकांकडे वळतो. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यादवराजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथे मठ काढला आणि यादवांचा मांडलिक सोइदेव निकुंभ याने १२०७ च्या ग्रहणपर्वात त्याला दान दिले. लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे. बाजारातल्या गिऱ्हाइकाकडून येणारे काही उत्पन्न मठाला. घाण्यामागे पळीपळी तेल मठाला. आणि इथे जे मोजायचे ते मठाच्याच मापाने मोजावे, मापणावळीतला निम्मा वाटा मठाचा. गळा घोटणारा धर्म गणिताच्या शाळेला दिव्याचे तेल कशाला देईल?

एवढे लिहिल्यावरही प्राध्यापकांचे म्हणणे पुरते निकालात निघत नाही, हे मला त्याच दगडाने दाखवले. घाणा त्या लेखात देणारा म्हणून येतो, शिकणारा म्हणून नाही. वंशाची आणि विद्येची थोरवी संस्कृतात, तेल आणि माप मराठीत. ज्याने लल्लाला तपासले, त्याचेच ग्रंथ नातवाने मठाला नेमून दिले.

आपल्या वऱ्हाडातही हेच दिसते. रोहिणीखंडचा, म्हणजे बुलढाण्याकडच्या रोहिणखेडचा, श्रीपती अकराव्या शतकातला. त्याच्या ‘ज्योतिषरत्नमाले’वरची, त्याच्याच नावावर सांगितली जाणारी मराठी टीका अभ्यासक मराठीतल्या आद्य ग्रंथांत धरतात. ती खरोखर त्याचीच असेल, तर ज्ञानेश्वरीच्या दोन शतके आधी शास्त्र मराठीत उतरले होते! पण उतरला तो मुहूर्तविचार. त्याचे ‘गणिततिलक’ संस्कृतातच राहिले. म्हणून माझा निर्णय असा: धर्माने गणित मारले नाही, पोसले. मात्र ते लोकभाषेत येऊ दिले नाही.

तरीही गणित मठाबाहेर होते. लोहाऱ्याचे कमळेश्वर, दारव्ह्याचे मल्लिकार्जुन ही आपल्या जिल्ह्यातली हेमाडपंती मंदिरे. अशा मंडपांत मान वर करून पाहिले की एक छत अनेकदा भेटते. चार तुळयांचा चौकोन. त्याच्या कोपऱ्यांवर तिरप्या शिळा टाकल्या की आत वळलेला नवा चौकोन उरतो. शिळांच्या कडा बाजूंच्या मध्यांना टेकल्या, तर नव्या चौकोनाचे क्षेत्रफळ जुन्याच्या बरोबर निम्मे. आणखी एक थर टाकला की चौथाई, आणि उरलेली जागा एका शिळेने झाकता येते. कर्णावरच्या चौरसाचा हा नियम बौधायनाच्या शुल्बसूत्रात आहे. वक्त्यांनी खरा वैदिक वारसा सांगायचा तर हा सांगावा. पाथरवटाने तो दोरी आणि खुंटीने दगडात उतरवला. त्याचे नाव कुठल्या मठाच्या लेखात नाही, आणि या शैलीला ‘हेमाडपंती’ म्हणत श्रेय आपण हेमाद्री पंडिताला देऊन मोकळे झालो. हेमाद्री तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. या शैलीत ज्यांची गणना होते ती अंबरनाथ, सिन्नरची मंदिरे त्याच्या आधीची.

जिल्ह्यातल्या गणिताच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. ज्ञानपरंपरेचा तास लागेल तेव्हा ‘वैदिक गणिता’ची सोळा सूत्रे पाठ करून घेऊ नका. सातवीच्या वर्गाला दोरी आणि टेप घेऊन जवळच्या हेमाडपंती मंदिरात न्या. छताचे चौकोन जमिनीवर आखून घ्या आणि निम्मे खरोखर निम्मे भरते का, ते मुलांना मोजू द्या. मराठीत.