सातव्या दशांश स्थळावरचा न्याय

एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की घरोघरी ‘किती मार्क?’ असं विचारतात, पण उत्तरात मार्क नसतातच, पर्सेंटाइल असतं. परीक्षा अनेक सत्रांत चालते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. अवघड पेपर वाट्याला आला म्हणून कुणाचं नुकसान होऊ नये, यासाठी मुलाची तुलना त्याच्याच सत्रातल्या मुलांशी करतात. त्याच्याइतके किंवा त्याहून कमी गुण किती जणांना, भागिले सत्राला हजर असलेले, गुणिले शंभर. मग सगळी सत्रं एका यादीत ओवायची. जेईई मेनमध्येही 2019पासून हेच.

यात एक गृहीतक आहे. मुलांची सत्रांमधली वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी झाली, म्हणून प्रत्येक सत्राचा कस सारखा. मोठ्या संख्येच्या बाबतीत हे मानायला माझी हरकत नाही. वेगवेगळ्या पेपरांचे कच्चे गुण थेट ताडून पाहणं याहून वाईटच.

खटकतात ती सात दशांश स्थळं. समजा, सत्रात 50,000 मुलं आहेत आणि एका मुलीच्या वर 5,000. तिला 90.0000000 मिळतील. आता तिच्याहून कमी गुण मिळवणारी दहा मुलं त्या दिवशी आलीच नाहीत असं धरा. तिची उत्तरं तीच, पण पर्सेंटाइल 89.9979996. दुसऱ्या सत्रांतली काही मुलं तिच्या पुढे गेली. कॉलेजातली शेवटची जागा याच फरकावर जाऊ शकते.

मित्र म्हणतो, नशीब कुठे नसतं? परीक्षेच्या दिवशी ताप येतोच की एखाद्याला. खरंय. पण तापाला आपण ताप म्हणतो, गुणवत्ता म्हणत नाही. इथे जागा मिळालेल्याला आपण ‘तू सरस’ म्हणून सांगतो, आणि राहिलेलीला ‘तू कमी पडलीस’. सत्रात 50,000 मुलं असतील तर एका मुलाचा फरक 0.002 इतका; त्यापुढचे आकडे मुलीबद्दल काहीच सांगत नाहीत, ते भागाकाराचे असतात. टाय कमी व्हावेत म्हणून ते छापायचे. मग सरळ सोडत का नको? नेदरलँड्समध्ये वैद्यकीय प्रवेशासाठी अनेक वर्षं सोडत होती. चांगले गुण असणाऱ्याला संधी जास्त, पण खात्री नाही.

आपल्याकडेही आरटीईच्या पहिलीच्या प्रवेशाला सोडत चालते. अठराव्या वर्षी चिठ्ठी काढली तर आईबाप कोर्टात जातील, असं मित्राचं म्हणणं. जातीलही.