नोंद आणि निवेदन : जन्मजात अपराधाचा नैतिक प्रश्न

भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांची मराठी समीक्षेने जी दखल घेतली, ती प्रामुख्याने दोन अंगांनी : अनुभवाचे अपूर्वत्व आणि भाषेचा अपरिचित पोत. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ला (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला (१९८७) साहित्य अकादमीचे पुरस्कार लाभले; अभ्यासक्रमांतही या संहितांना स्थान मिळाले. या स्वागतात एक नैतिक प्रश्न मात्र मागे राहिला. ज्याची ओळख शासनाच्या दप्तरात त्याच्या जन्माआधीच लिहिली गेली आहे, त्याने स्वतःविषयी लिहिणे म्हणजे नेमके काय करणे? आणि त्या लेखनात स्वजनांच्या चोरीचे वर्णन असेल, तर तो त्याच दप्तराला दिलेला पुरावा ठरतो काय?

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने एखादी संपूर्ण जमात गुन्हेगार म्हणून घोषित करण्याचा अधिकार शासनाला दिला. त्या घोषणेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नव्हती. नावनोंदणी, हजेरी, फिरण्यावर बंदी आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहत ही त्याची पुढची अंगे. एरवी कोणत्याही न्यायव्यवस्थेत अपराधाला कृती लागते. कर्ता, काळ आणि स्थळ लागते. येथे कृतीची गरजच उरली नाही. ‘चोरी केली’ या वाक्यातील क्रियापद गळून पडले आणि ‘चोर’ हे नाम तेवढे शिल्लक राहिले. ‘उचल्या’ हा शब्द या प्रक्रियेचा भाषिक नमुनाच आहे : ‘उचलणे’ या क्रियेचे नाम झाले आणि त्या नामाची जात झाली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. नामाची पकड मात्र सुटली नाही. मुंबई राज्यात १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांसंबंधीचा कायदा आला आणि संशयाची जुनी सवय नव्या परिभाषेत टिकून राहिली.

या पार्श्वभूमीवर ‘उचल्या’तील चोरीची वर्णने वाचावी लागतात. पोरांना दिले जाणारे चोरीचे शिक्षण, पोलिसांची मारहाण आणि चोरीच्या मालातील त्यांचा वाटा हे सारे लेखक लपवीत नाही. नोंदीत जे नाम होते, ते निवेदनात पुन्हा क्रियापद होते. चोरीला भूक हे कारण मिळते, ती शिकविणारा हात दिसतो आणि तिच्यावर जगणारी व्यवस्थाही दिसते. पुरावा द्यायचा तो असा कालबद्ध कृतीचा. जन्माचा पुरावा देता येत नाही.

तथापि परिस्थितीने सर्व काही घडविले, असे म्हणून थांबणेही पुरेसे नाही. तसे म्हणताना माणूस पुन्हा एकदा कर्तेपणाला मुकतो. आधी तो रक्ताचा परिणाम होता, आता परिस्थितीचा होतो. ‘उचल्या’चा निवेदक सूतगिरणीत काम करतो, संघटनेकडे वळतो; म्हणजे निवड करतो. ‘उपरा’त मुलाला शाळेत घातले म्हणून बापावर डोळे वटारणारी जातपंचायतही निवेदकाच्या टीकेतून सुटत नाही. स्वकृत्याचा जाब स्वतःला विचारला जावा, आजोबाच्या वा शेजाऱ्याच्या कृत्याचा नव्हे, हा या आत्मकथनांचा मूळ दावा आहे. जबाबदार धरले जाणे हाही एक अधिकार आहे, हे त्यांतून उमगते.

हा प्रश्न वसाहतवादी भूतकाळापुरता मर्यादित नाही. भारतीय-आर्य कुलातील भाषा बोलणाऱ्या रोमा समाजाला स्वीडनने १९१४ ते १९५४ या काळात देशात प्रवेश नाकारला. पुढे त्याच देशाने त्यांना राष्ट्रीय अल्पसंख्य म्हणून मान्यता दिली. तरीही दक्षिण स्वीडनमधील पोलिसांनी ४००० हून अधिक रोमांची यादी ठेवल्याचे २०१३ मध्ये उघडकीस आले. तीत लहान मुलेही होती आणि यादीचे नाव होते ‘भटके’. त्याच समाजातील कतरीना तायकोन हिने १९६३ मध्ये, वयात आल्यावर शिकलेल्या अक्षरांनी, आत्मकथन लिहिले होते. कल्याणकारी राज्य आणि परकी सत्ता यांच्या दप्तरांत फरक पुष्कळ असेल. नामाचे व्याकरण एकच आहे. भारतातही तुरुंग-नियमावलींतील जातिनिष्ठ तरतुदी रद्द करताना, विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये बजावावे लागले.

येथे समीक्षेला स्वतःकडे वळावे लागते. एखादे आत्मकथन ‘कैकाडी जीवनाचे दर्शन’ किंवा ‘उचल्या समाजाचा दस्तऐवज’ म्हणून वाचले जाते, तेव्हा वाचनाची रीत नोंदीच्या रीतीहून फारशी निराळी राहत नाही. व्यक्ती जमातीचा नमुना ठरते. फरक एवढाच की संशयाच्या जागी सहानुभूती येते. मध्यमवर्गीय लेखकाचे आत्मचरित्र त्याच्या जातीचा दस्तऐवज म्हणून सहसा वाचले जात नाही. त्याला स्वभाव, चुका आणि निवडी असण्याची मुभा असते. ही मुभा सर्व आत्मकथनांना सारखीच मिळणे हा साहित्यविचारातील न्यायाचा प्रश्न आहे. सामाजिक संदर्भ टाळून तो सुटणार नाही, कारण नामाचा इतिहास त्या संदर्भातच आहे. संदर्भ जाणूनही निवेदकाला एकटा, विशिष्ट आणि उत्तरदायी माणूस म्हणून ऐकणे, एवढेच समीक्षेच्या हाती आहे; आणि ते तिने अद्याप पुरते केलेले नाही.