बांधावरचा कुंदा

आषाढीच्या वाटेवर एके वर्षी आमच्यापुढे दोघे चुलतभाऊ चालत होते. गाव परतूर तालुक्यातले, दुधनेच्या अंगचे. दोघांच्या गळ्यात तुळशीची माळ, एकाच्या हातात टाळ, दुसऱ्याच्या खांद्यावर पताका. मुक्कामाला पोचल्यावर धाकटा थोरल्याच्या पाया पडला, थोरला धाकट्याच्या. आपली रीतच आहे ती. रात्री भाकरी खाताना मात्र कळले की दोघांचा दावा चालू आहे आणि गावी एकमेकांशी बोलणेही नाही. कारण विचारले, तर थोरला म्हणाला, "काय सांगावं महाराज, कुंद्यानं घात केला."

ज्यांनी कुंदा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हे काळ्या रानातले गवत. शास्त्रज्ञ त्याला इस्केमम पायलोसम म्हणतात आणि ज्वारी, ऊस, बांबू यांच्याच कुळात त्याची गणना करतात. म्हणजे ज्वारीचा भाऊबंदच म्हणा ना! वरून चार पाती दिसतात, पण खरा कुंदा जमिनीखाली असतो. मुळासारखी जाड खोडे खोलवर पसरतात, आणि नांगराच्या फाळाने तुटली की एकेका तुकड्याला नवा कोंब येतो. म्हणून उन्हाळ्यात कुदळीने खणून वेचल्याशिवाय तो हटत नाही. ज्या रानात तो माजतो तिथे पीक दबते. पण हेच गवत बांधावर असले, तर पावसात माती धरून ठेवते, आणि कोवळे असताना गुरे ते आवडीने खातात.

भांडण इथेच होते. धाकट्याने दोन उन्हाळे घाम गाळून आपले रान निर्मळ केले. थोरल्याने बांधावरचा कुंदा बैलांसाठी राखला. तो खालून पुन्हा धाकट्याच्या रानात शिरला. चिडून धाकट्याने एके संध्याकाळी बांधावर तणनाशक मारले. वारा होता. थोरल्याची कपाशी करपली.

धाकट्याने आम्हांला विचारले, "महाराज, तुम्ही कीर्तनात सांगता, अवघ्यात पांडुरंग आहे. मग कुंद्यात नाही का? मला पाप लागलं का?"

यावर सोपे उत्तर आमच्या तोंडी होते. कुंदा म्हणजे कामक्रोध, मुळासकट खणावा, असे आम्ही कीर्तनात कितीदा सांगितले आहे. टाळ्याही पडतात. पण त्या रात्री ते उत्तर आम्हांला खोटे वाटले. गवताने काय पाप केले? ते आपल्या स्वभावाने वाढते. अरणचे सावतोबा भाजीपाल्यात विठ्ठल पाहत, म्हणून मळ्यातले तण त्यांनी काढले नसेल काय? काढलेच असणार. माळ्याचे ते रोजचे काम. खुरपे चालवणे हे पाप नव्हे. पिकाला जागा करून देणे ती सेवाच आहे.

पाप असलेच तर ते खुरप्यात नाही, न विचारता केलेल्या कामात आहे. धाकट्याने वारा पाहिला नाही आणि भावालाही विचारले नाही. पण थोरला निर्दोष, असेही आम्ही म्हणणार नाही. बांधाचा चारा त्याच्या बैलांनी खायचा आणि खणण्याचे कष्ट मात्र दुसऱ्याने करायचे, हा कुठला न्याय? रानात शिरलेला कुंदा दिसतो. लाभ आपल्याकडे आणि त्रास शेजाऱ्याकडे गेला, तो कोणी मोजत नाही. दिंडीत पाया पडताना तो मोजावा लागत नाही, म्हणून तिथे सगळे माउली असतात.

आम्ही सांगितले, धाकट्याने कपाशीचे नुकसान भरून द्यावे. थोरल्याने दर उन्हाळ्यात बांधाच्या कडेने चर धरून धाकट्याच्या बाजूला निघालेला कुंदा स्वतः खणावा, बांधावरचा राहू द्यावा.

थोरला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "खणतो, महाराज. पण चर कुणाच्या हद्दीत धरायचा?"

धाकटा घोंगडी घेऊन आडवा झाला होता, तो उठून बसला.