झाकण

सोलापूरच्या पूर्व भागात एका पद्मशाली घराचं सूत रंगवायचं छोटं डाईंग होतं. चादरीचं, टॉवेलचं सूत तिथून रंगून मागावर जाई. रंग पक्का बसावा म्हणून हौदात कॉस्टिक आणि हायड्रो पडे. रात्री दहानंतर हौदाचं बूच निघे आणि पाणी मागच्या नाल्याला लागे. तीन पिढ्यांत कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं.

घरातल्या म्हाताऱ्याच्या सातवीतल्या नातीनं शाळेच्या प्रयोगासाठी कंबर तलावातून गोगलगायी आणल्या. काही पातळ कवचाच्या, वर येऊन हवेत श्वास घेणाऱ्या. काही जाड कवचाच्या, कल्ल्यांनी पाण्यातच श्वास घेणाऱ्या, तोंडाशी ताटलीसारखं झाकण असलेल्या. एका बरणीत तिनं नळाचं पाणी भरलं, दुसरीत नाल्याचं.

संध्याकाळपर्यंत नाल्याच्या बरणीतल्या पातळ कवचवाल्या काचेवरून चढून पाण्याच्या वर चिकटून बसल्या होत्या. जाड कवचवाल्या तळाशी झाकण लावून गप्प.

“ताता, या वर का आल्या?”

“हवा खायला आल्या असतील.”

“नळाच्या पाण्यातल्या नुसतं नाक वर काढून परत खाली जातात. या जातच नाहीत.”

म्हातारा बोलला नाही. हायड्रो पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्याच गुणावर रंग विरघळायचा, त्यावरच त्याचं घर चाललं होतं.

नातीनं जाड कवचवाल्या तिघी स्वच्छ पाण्यात हलवल्या. दोन तासांनी दोघींनी झाकण उघडलं, पाय बाहेर काढला. तिसरीनं उघडलंच नाही. झाकण वाईट पाणी बाहेर ठेवतं, पण आत श्वास किती दिवस पुरणार?

“आमच्या बाई सांगत होत्या,” नात म्हणाली, “पोलंडमध्ये वॉर्सा शहराच्या पाणीपुरवठ्यात आठ शिंपले पहाऱ्याला ठेवलेत. कवचाला तार लावलेली. पाणी बिघडलं की ते मिटतात आणि माणसांना कळतं.”

“आठ शिंपल्यांचं ऐकतात?”

“ते खोटं बोलत नाहीत ना, ताता.”

दर संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत म्हातारा सिद्धेश्वर तलावाच्या काठी उभा राहून हात जोडत असे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी हा तलाव खोदवला, हे तो नातीला दरवर्षी सांगे. त्या रात्री त्याला ते आठवलं आणि झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री दहाला कामगार बुचाशी वाकला.

“राहू दे,” म्हातारा म्हणाला.

मग बरंच काही अडलं. नव्या यंत्रासाठी राखलेल्या जागेत गाळाचा हौद बांधला गेला. व्यापाऱ्यांचे फोन आले, माल उशिरा गेला, पोरगा आठवडाभर धड बोलला नाही. आता कॉस्टिकचा जोर उतरवायचा, दोन दिवस पाण्यात हवा सोडायची, तुरटीनं गाळ बसवायचा, आणि मगच बूच. त्याआधी एक बरणी भरायची, तिच्यात तलावातल्या चार पातळ कवचाच्या गोगलगायी सोडायच्या आणि तासभर थांबायचं.

परवा रात्री चारही गोगलगायी बरणीच्या तोंडाशी येऊन बसल्या. कामगारानं म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं बरणी दिव्याजवळ नेली, पुन्हा एकदा नीट पाहिली आणि हवेचा पंप चालू केला.