आजचं चिंतन: गीता १५.१५, आठवण देणारा आणि नेणाराही



पंधराव्या अध्यायातला रोज एक श्लोक, असं आपलं चाललंय. आज पंधरावा. कित्येक घरांत जेवणाआधी हा अध्याय म्हणतात, त्यामुळे तुमच्यापैकी अनेकांना तो पाठ असेल. पाठ असलेल्याचं एक असतं, जीभ पुढे पळते आणि एखादा शब्द मागे राहून जातो. 'अपोहन' हा तसा शब्द आहे. भगवंत अर्जुनाला सांगतात की सगळ्यांच्या हृदयात मी बसलेलो आहे. आठवण माझ्यापासून येते, ज्ञान माझ्यापासून येतं, आणि अपोहनही. अपोहन म्हणजे ते दोन्ही निघून जाणं.

देणारा देव आपल्याला चालतो. नेणारा देव जरा अवघड जातो. आणि नेणं म्हणजे पैसा-अडका नव्हे, आठवण!

माझी मोठी आई, म्हणजे थोरली काकू, वडनेर भोलजीची. नांदुरा तालुका, जिल्हा बुलढाणा. मुंबई-कोलकाता हायवे गावाला लागूनच जातो. मागच्या पावसाळ्यात एका पहाटे ती एकटीच हायवेच्या कडेने नांदुऱ्याच्या दिशेला निघाली होती, पायात चप्पल नाही. ढाब्यावरच्या पोरांनी ओळखलं आणि बसवून ठेवलं. विचारलं तर म्हणाली, "शेगावले चाल्ली, महाराजायच्या दर्शनाले." तरुणपणी ती खरंच पायी जायची. तिच्या लेखी ते साल अजून संपलेलं नव्हतं.

डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला. घरोघरी अजून याला 'वय झालं' म्हणतात, किंवा 'चळ लागला'. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा, की भारतात साठीच्या पुढच्या दर शंभरात सात-आठ जणांना हा आजार आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. आणि शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त. म्हणजे मुलं पुण्या-मुंबईत आणि आजार गावात, अशी ही विभागणी. हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण त्या पहिल्या अर्ध्यात आहेत, म्हणून आज जरा लांबण लावते.

आमच्या दादाने तिला पुण्याला आणलं. सात महिने ठेवलं. रात्री दोन वाजता ती दार वाजवायची, मले घरी जाऊ दे म्हणून. वहिनी सकाळी नोकरी, रात्री जागरण. (सेवा मुलाने करावी असं सगळे म्हणतात आणि करते सून, यावर कुणी तरी एकदा निरूपण करायला हवं.) शेवटी वहिनीचं बीपी इतकं वाढलं की तिलाच ॲडमिट करावं लागलं. मग पहिल्यांदा 'केअर होम' हा शब्द घरात उच्चारला गेला आणि आत्याचा फोन आला: "म्हातारीले आश्रमात टाकता काय रे पोट्टेहो?"

'टाकणं' हे क्रियापद फार लागतं. त्यावर आपल्या मनात लगेच पुंडलिक उभा राहतो. आईवडिलांच्या सेवेत असताना देव दारात आला तर त्याला विटेवर थांबवणारा. आपण तो पुंडलिक नाही, असं वाटून माणूस आतून खचतो. पण त्या कथेत मोल कशाला आहे ते नीट बघा. पुंडलिकाचं लक्ष आईबापांवरून हललं नाही, याला आहे. ते घर कुणाच्या मालकीचं होतं, किती खोल्यांचं होतं, हे कुणी सांगत नाही. तीन रात्री न झोपलेल्या माणसाचं लक्ष कुठेच राहत नाही. त्याच्या हातून सेवा होत नाही, चिडचिड होते.

आता एक जरा कमी वाचली जाणारी गोष्ट सांगते, आमच्या वऱ्हाडातलीच. अमरावती जिल्ह्यात मोर्शीजवळ रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात तिथे गोविंदप्रभू राहत, त्यांना गुंडम राउळ म्हणत. महानुभाव पंथात ते ईश्वराचा अवतार आहेत, चक्रधरस्वामींचे गुरू. त्यांचं वागणं मात्र लोकांना वेड्यासारखं वाटे. कुणाच्याही घरात शिरावं, भांड्यातलं खावं, पोरांत खेळावं, देवळातल्या मूर्तींशी बोलावं, क्षणात हसावं, क्षणात रागवावं. ती ईश्वराची लीळा होती अशी भक्तांची श्रद्धा आहे, आणि त्यांना आजार होता असं मला अजिबात म्हणायचं नाही. मला बघायचंय ते त्यांच्या भोवतीच्या माणसांकडे.

चक्रधरस्वामी गेल्यावर त्यांच्याच सांगण्यानुसार नागदेवाचार्य, महदाइसा वगैरे शिष्य रिद्धपूरला येऊन राहिले आणि गोविंदप्रभूंच्या अखेरपर्यंत त्यांनी सेवा केली. रक्ताचं नातं कुणाचंच नाही. मोजकी माणसं. रोजची आंघोळ, जेवण, कुठे निघाले की मागे मागे जाणं. महदाइसेकडे धिरड्यांसाठी धरलेल्या हट्टाची लीळा तर प्रसिद्धच आहे. 'असं काय करता' म्हणून त्यांना कुणी वळण लावायला गेलं नाही. आज डिमेन्शियाचे डॉक्टर घरच्यांना पहिली गोष्ट हीच सांगतात: वाद घालू नका, त्यांच्या जगात दोन पावलं जा. आणि म्हाइंभटांनी काय केलं? माणसामाणसाला विचारून, कुणाला काय आठवतं ते गोळा करून, लीळा लिहून काढल्या. मराठी गद्याची सुरुवात ही अशी, एकाबद्दलच्या आठवणी दुसऱ्यांनी जपून ठेवल्या त्यातून झाली!

हे सगळं वाचत असतानाच आम्ही जागा बघत होतो, त्यामुळे दोन्ही एकमेकांत मिसळलं.

साधे वृद्धाश्रम बहुतेक ठिकाणी 'स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे' अशी अट घालतात, तिथे प्रश्नच मिटला. पुण्यातलं एक ठिकाण फार देखणं होतं. साठ खाटा, लिफ्ट, कॅमेरे, फिजिओथेरपी, बाग. दादाला पसंत. मी तिथल्या एका मावशींना विचारलं की कोपऱ्यातल्या त्या आजी पूर्वी काय करायच्या. त्या म्हणाल्या, "माहीत नाही ताई, मी सोमवारीच आलेय, ब्यूरोकडून." वाईट नव्हत्या त्या. पण साठ जणांना दर आठवड्याला बदलणारी माणसं, म्हणजे तिथे कुणीच कुणाला ओळखत नाही.

आणि भाषा. मोठी आई म्हणते, "मले बाहीर जा लागते." आपल्या खेड्यांत 'बाहेर जाणं' म्हणजे काय ते गावाकडच्यांना सांगायला नको. शहरातली मुलगी प्रेमाने म्हणणार, "आत्ता नाही आजी, बाहेर ऊन आहे." मग कपडे खराब होणार, मग त्यावर डायपर, आणि कागदावर नोंद: 'लघवीवर ताबा नाही'. एका शब्दापायी माणूस एक पायरी खाली गेला. या आजारात मागाहून शिकलेली भाषा बहुधा आधी जाते आणि आईची बोली शेवटपर्यंत टिकते. म्हणून ती बोली समजणारं कुणी तरी तिथे असणं ही चैन नाही, गरज आहे.

अकोल्याला ताई राहते, मुलगी. तिने एक छोटं ठिकाण शोधलं. साध्या बंगल्यात आठ जणी, तळमजला, स्वयंपाकघर मधोमध, फोडणीचा वास सगळ्यांना येतो. जपानात याच आजारासाठी लहान घरं असतात, एका घरात पाच ते नऊच जण, तिथेही स्वयंपाक सगळ्यांच्या मधे चालतो. अकोल्यात कुणी जपान बघून केलेलं नाही, बंगलाच तेवढा आहे! दादाला मात्र ते 'प्रोफेशनल' वाटेना.

लहान म्हणजे चांगलंच, असंही समजू नका. आठ जणींना रात्री एकच बाई असेल आणि ती झोपत असेल तर साठ खाटांचं परवडलं. म्हणून ताई न सांगता दुसऱ्यांदा गेली, तेही दिवेलागणीला. ही वेळ मुद्दाम. संध्याकाळ झाली की या माणसांची घालमेल वाढते, घरी जायचंय म्हणून दाराशी येतात, आणि नेमक्या त्याच वेळी स्टाफ दमलेला असतो. घर कसं आहे ते सकाळी अकराला कळत नाही, साडेसहाला कळतं. तिने बघितलं: कुणाला खुर्चीला बांधलंय का? सगळ्या एकाच वेळी गुंगीत का आहेत? एक आजी दार ओढत होत्या. तिथली बाई म्हणाली, "चला, बस यायला वेळ हाय, तोवर शेंगा सोलू." दोघी बसून शेंगा सोलायला लागल्या. ताई तिथेच अर्धी राजी झाली.

उरलेली अर्धी मोरीकडे बघून झाली. शेगावचं संस्थान आपण सगळे जाणतो. तिथल्या सेवाधाऱ्यांची सेवा काय असते हे बघायचं तर महाराजांच्या गाभाऱ्याआधी भक्तनिवासातली स्वच्छतागृहं बघावीत. हीच कसोटी इथे लावा. फरशी कोरडी आहे का, धरायला दांडा आहे का, वास येतो का.

मग कोरडे प्रश्न, पण विचाराच. रात्री जागं कोण असतं? डॉक्टर कोण, किती दिवसांनी येतात? झोपेचं औषध कुणाला विचारून देतात? पडली, ताप आला, तर कुठल्या दवाखान्यात आणि सोबत कोण? महिन्याच्या रकमेत डायपर, औषधं, सोबतीची बाई धरली आहे की वेगळी? अनामत परत कधी? नोंदणी कुणाकडे आहे, कागद दाखवा. अंथरुणाला खिळली तरी ठेवाल का, की तेव्हा घेऊन जा म्हणाल? आणि आम्ही कधीही, न कळवता आलो तर चालेल का? या शेवटच्या प्रश्नाला जिथे उत्तर द्यायला वेळ लागतो, तिथून उठून यावं. पंधरा दिवस किंवा महिनाभर ठेवून बघता येतं का तेही विचारा, चांगली ठिकाणं नाही म्हणत नाहीत. कुठून सुरुवात करावी तेच कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे, १४५६७.

दादाचा राग बरेच दिवस होता. त्याचं म्हणणं, इथे असती तर मी रोज गेलो असतो. खरंच गेला असता. पण तिच्या रोजच्या चोवीस तासांतला त्याचा तास एक, उरलेले तेवीस ज्यांच्या हातात, त्यांना ती कोण ते कळायला हवं. या मुद्द्यावर तो ऐकला.

आम्ही म्हाइंभटांचं अनुकरण केलं, ते म्हणजे एक दोनशेपानी वही घातली. घरातल्या प्रत्येकाने आपल्याला आठवतं ते लिहायचं. पहिल्या पानावर 'बाहीर' म्हणजे काय ते. पुढे: डाव्या कुशीवर झोपते. नवऱ्याचं नाव घेत नाही, 'हे' म्हणते. ते गेले हे सांगू नये, दर वेळी नव्याने रडते. चहा बशीत. कळण्याची भाकर आणि ठेचा दिला की ताट पुसून खाते. केस मोकळे सोडलेले चालत नाहीत. गुरुवारी उपास असतो. आता उपास धरायचा नाही, पण साबुदाण्याची वाटी पुढे ठेवायची. हरिपाठ लावला की नुसते ओठ हलतात, मग आवाज फुटतो. आत्यानेही एक पान लिहून पाठवलं, टाकता काय म्हणणाऱ्या त्याच आत्याने. तिचं पान सगळ्यात मोठं आहे.

आता श्लोकाकडे. शंकराचार्यांच्या भाष्यात या अपोहनाचा संबंध कर्माशी लावला आहे: पुण्यवानांना ज्ञान-स्मृती लाभते, पापकर्म्यांची जाते. ते वाचून कुणी नातेवाईक 'काय पाप केलं होतं बाईने' असं म्हणू शकतो, म्हटलंही. आचार्यांच्या पुढे बोलायची माझी पात्रता नाही, पण मला वाटतं तिथे विषय विवेकाच्या नाशाचा आहे, मेंदूच्या पेशी झिजण्याचा नाही. आणि श्लोकाची सुरुवात सोडून शेवटच धरणं बरोबर नाही. सुरुवात अशी, की तो सगळ्यांच्या हृदयात आहे. स्मृती शाबूत असलेल्यांच्याच, असं तिथे म्हटलेलं नाही. स्मृती गेली तरी बसणारा उठून जात नाही.

ताईचा खरा प्रश्न मात्र वेगळाच होता. तिने तो मला स्टेशनवर, गाडीची वाट बघताना विचारला. आठव्या अध्यायात अंतकाळी माझं स्मरण करतो तो मला येऊन मिळतो असं आहे ना? मग जिने आयुष्यभर नाम घेतलं आणि शेवटी तेच विसरली, तिचं काय?

श्रीवैष्णव परंपरेत वराहावताराचं एक वचन फार जिव्हाळ्याने सांगतात. भगवंत भूदेवीला म्हणतात: शरीर-मन ठीक असताना ज्याने माझं स्मरण केलं, तो शेवटी लाकडासारखा, दगडासारखा पडून राहिला आणि त्याला माझी आठवण आली नाही, तर मी त्याची आठवण ठेवतो आणि त्याला घेऊन जातो. मी ते ताईला सांगितलं. ती काही बोलली नाही. गाडी आली.

आता ती दर गुरुवारी आणि रविवारी जाते. दादा महिन्यातून एकदा महाराष्ट्र एक्सप्रेसने येतो. वहीची पानं भरत आली आहेत, दुसरी घालावी लागेल. त्यातली अलीकडची बरीच पानं तिथल्या बायांनी लिहिलेली आहेत.

उद्या सोळावा श्लोक, क्षर आणि अक्षर.

राम कृष्ण हरी. जय गजानन.