जपावे ते काय?

संग्राहक हा प्राणी पुण्याला परका नाही. दिनकर केळकरांनी लोकांच्या अडगळीतले दिवे, दौती, अडकित्ते आयुष्यभर वेचले आणि त्यातून एक वस्तुसंग्रहालय उभे राहिले. अडकित्त्याच्या शीलाविषयी कोणी शंका घेत नाही. पण संग्राहकाचा जीव जडला ती वस्तूच हिणकस असेल तर?

जपानमध्ये १९७० च्या सुमारास सूड, रक्तपात आणि देहप्रदर्शन यांवर बेतलेल्या स्वस्त चित्रपटांचे मोठे पीक आले. आज जगभरचे शौकीन त्यांच्या प्रती आणि जाहिराती शोधत असतात. मेइको काजी या नटीच्या १९७३ सालच्या ‘लेडी स्नोब्लड’ या सूडपटातले गाणे २००३ साली हॉलिवुडच्या ‘किल बिल’मध्ये जाऊन बसले! आपल्याकडे १९३५ सालच्या ‘हंटरवाली’ला आणि तिच्या हंटरधारी नादियाला लोकांनी डोक्यावर घेतले; शिष्टांच्या लेखी मात्र स्टंटपट म्हणजे पोरखेळ. आज त्याच नादियावर अभ्यासक ग्रंथ लिहितात.

मग कालचा कचरा आज सोने झाला काय? मला तसे वाटत नाही. दुर्मिळ ते चांगले, ही संग्राहकाची लाडकी भूल आहे. बाईची विटंबना दाखवून गल्ला भरणारा चित्रपट, त्याची एकच प्रत उरली म्हणून सोज्वळ होत नाही. ‘माझ्याकडे आहे, तुमच्याकडे नाही’ या आनंदात तर रसिकतेपेक्षा कृपणताच अधिक.

तरीही तो जाळावा, असे मी म्हणणार नाही. पुण्यातच १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तेथे पी. के. नायर यांनी फाळक्यांचे ‘राजा हरिश्चंद्र’ आणि ‘कालिया मर्दन’ यांचे उरलेले भाग मिळवले. पण जपताना चांगला-वाईट असा भेद करू नये, हेही त्यांचेच मत. १९३१ सालच्या ‘आलम आरा’ची, आपल्या पहिल्या बोलपटाची, एकही प्रत आज उपलब्ध नाही. ज्यांच्या हातात ती होती, त्यांनाही ती जपण्याजोगी वाटली नसेल. निवाडा करण्याची घाई अशी महागात पडते.

जपणे म्हणजे गौरवणे नव्हे. आपल्या आजोबांना काय पाहून शिट्ट्या माराव्याशा वाटल्या, हेही नातवाला कळले पाहिजे. नाहीतर पूर्वज सगळे संतच होते, असा त्याचा समज व्हायचा. म्हणून वाईटही जपावे, पण त्याला वाईट म्हणण्याची हिंमत ठेवून, आणि कुलूप न लावता. पुरावा म्हणून ठेवलेली वस्तू देव्हाऱ्यात मांडली, की संग्राहकाचा पुजारी होतो. आणि पुजाऱ्याला देवाचे दोष दिसत नाहीत.